तीस फेब्रुवारी

कमळाबाई टेबलावर चहाचा कप ठेवताना रोज ‘घ्या मॅडम’ म्हणते. त्या सोमवारी तिने कप ठेवला आणि काहीच म्हणाली नाही. मी दहा-बारा दिवसांनी कशेळीच्या गोदामात आले होते. मधले दिवस ठाण्याच्या ऑफिसात बसून काम केलं होतं, काम बरं झालं होतं, त्यामुळे मी जरा खुशीतच होते. समोरची खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवरचा पंचा नव्हता, टेबलावरची चष्म्याची डबी नव्हती. मी सहज विचारलं, “केसरीकाका रजेवर का?” कमळाबाई फडक्याने टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, “रजा कसली? सार्थकशेटनी घरी बसवलंय त्यांना. तुमची ती यादी आली ना, तिच्यापायी.” एवढं बोलून ती फडकं झटकत बाहेर गेली, आणि मी चहावर साय धरेपर्यंत त्या कपाकडे बघत बसले.

यादी मीच केली होती, आणि मला ती आवडली होती, हे आधी कबूल केलेलं बरं. या गोदामाच्या सव्वीस वर्षांच्या नोंदी काळ्या पडद्याच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होत्या. कुठलं खोकं कुठल्या गाळ्यात आलं, कधी आलं, कधी हलवलं, असं सगळं. तो प्रोग्रॅम केसरीनाथ तरे नावाच्या स्टोअरकीपरने स्वतः, ठाण्यातल्या कुठल्याशा क्लासमध्ये शिकून, तिशीत लिहिला होता. आता गोदामाला नवी यंत्रणा हवी होती आणि जुना डेटाबेस नव्यात आणायचं काम आमच्या कंपनीने, म्हणजे खरं तर मी घेतलं होतं. हे काम मला येतं. जुन्या रकान्यांची नावं अर्धवट असतात, आकड्यांचे अर्थ लिहिणाऱ्याबरोबर निघून गेलेले असतात, आणि मी ते एकेक करून ओळखते. त्यात मला जो आनंद होतो तो मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक हसतात. इथे ‘हलवल्याचा दिवस’ आणि ‘हलवल्याचा महिना’ असे दोन-दोन आकडी दोन रकाने होते. मी त्यांना आलेल्या मालाचं वर्ष जोडलं, तारीख तयार केली आणि प्रोग्रॅम चालवला. एक हजार नऊशे चार नोंदी परत आल्या. कुठे तीस फेब्रुवारी, कुठे तेरावा महिना, आणि बाकीच्या ठिकाणी माल आला सप्टेंबरात तर हलवला जूनमध्ये. मी त्यांची यादी काढली. तिला ‘अवैध नोंदी’ असं नाव यंत्रानेच दिलं होतं, मी ते बदललं नाही. प्रत्येक ओळीत शेवटी नोंद करणाऱ्याचं नाव होतं, के. तरे, के. तरे, के. तरे. ती यादी मी अकरा जणांना पाठवली आणि जेवायला गेले. त्या दिवशी डब्यात काय होतं ते मला अजून आठवतं, म्हणजे मी किती निवांत होते बघा.

सार्थक, मालकाचा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि वाईट माणूस नाही. तो आला तेव्हा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, तुमच्यामुळे डोळे उघडले आमचे. माल यायच्या तीन महिने आधी हलवतात म्हणे! फेब्रुवारीची तीस तारीख! म्हणजे बसून आकडे ठोकलेत नुसते. पप्पांनी सव्वीस वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवला या माणसावर. मी यादी ठेवली समोर, म्हटलं काका, सही करा आणि घरी बसा. सही केली, एक शब्द बोलले नाहीत. खरं असतं तर बोलले असते ना?” मी मान हलवली. कशासाठी हलवली, देव जाणे, म्हणजे मी देव मानत नाही, पण कुणीतरी जाणत असेल. “आणि बघा,” तो उठता उठता म्हणाला, “आठ दिवस नाहीत ते. काय अडलं का कुणाचं?” खिडकीबाहेर गाळ्यांची रांग होती, एक ते सात, शेवटचे तीन खाडीच्या बाजूला जरा उतरत गेलेले. सातव्याच्या दाराशी हमाल खोकी रचत होते आणि खरंच काहीच अडलेलं दिसत नव्हतं.

संध्याकाळी स्कूटी घेऊन निघाले. अंजूरफाट्याला मेट्रोच्या खांबांखाली कंटेनर अडकलेले, त्यांच्यामध्ये रिक्षा, रिक्षांमध्ये मी. हेल्मेटच्या आत स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मला केसरीकाकांचा चेहरा आठवत होता आणि तो नीट आठवत नव्हता, याचंच वाईट वाटत होतं. दीड महिना तो माणूस माझ्यासमोर बसत होता. मॉनिटरवर एकवीरेचा फोटो, मनगटावर दोरा, संगणकाच्या डब्यावर दसऱ्याच्या हळदीकुंकवाचे डाग. अशा माणसांसाठी माझ्या मनात एक खण आहे. पहिल्याच दिवशी मी त्यांना त्यात घातलं आणि खण लावून टाकला. त्यांनी विचारलं होतं, “तुमी टेमघरच्या? कुनाच्या?” आमच्याकडे ‘कुनाच्या’ असं विचारलं की माणूस सावध होतो, त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर मी लहानपणापासून देत आले आहे. मी गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र उचलून दाखवलं होतं. ते हसले आणि त्यानंतर कधी काही विचारायला आले नाहीत. खुर्ची मात्र रोज माझ्यासाठी पुसून ठेवलेली असायची. कोण पुसतं याची चौकशी मी केली नव्हती.

पुढचा कंटेनर हलला तेव्हा मला बाबांचा तागा आठवला. बाबा, कोंडू, पॉवरलूमवर होते. ताग्यात दोष निघाला की त्यावर खडूने लूमचा नंबर लिहून तो वेगळा ठेवायचे, दाराशी, सगळ्यांना दिसेल असा. एकदा सूतच कच्चं आलं होतं, पण नंबर बाबांच्या लूमचा लिहिला गेला, आणि ते एकवीस दिवस घरी होते. मी तिसरीत होते. ते दिवस आठवले की पहिल्यांदा वास येतो, दुपारी घरात बसलेल्या बाबांच्या बिडीचा, कारण एरवी दुपारी घराला तो वास नसायचा. आई त्यांना काही बोलायची नाही आणि तेही काही बोलायचे नाहीत, आणि मी पाटीवर पाढे लिहिताना उगाच खडू दाबून लिहायचे. तो नंबर कुणी लिहिला होता? कुणीतरी आपलं काम नीटनेटकं करणारा माणूसच असणार. घरी जाऊन जेवलासुद्धा असेल. मागून हॉर्न वाजला, मी दचकून पुढे सरकले.

घरी आल्यावर मी दप्तर उघडलं आणि यादी वेगळ्या तऱ्हेने बघायची ठरवली. चूक काय आहे हे न बघता आहे काय हे बघायचं, ही माझीच शिकवण, नव्या मुलींना मी ती फार मोठेपणाने देते. दिवसाच्या रकान्यात कोणकोणते आकडे आहेत ते मोजले. एक आहे, दोन आहे, तीन आहे, असं करत पंधरापर्यंत सगळे आहेत. मग एकदम तीस. सोळा ते एकोणतीस यांतला एकही आकडा सव्वीस वर्षांत एकदासुद्धा आलेला नाही. मी परत मोजलं. माणूस थापा मारतो तेव्हा त्याचे आकडे सगळीकडे विखुरतात, सतरा येतो, तेवीस येतो. थाप मारणाऱ्याला सतरा फार आवडतो. इतकी शिस्त लागते ती खऱ्यालाच. शेजारी एका अक्षराचा आणखी एक रकाना होता, ‘श’ किंवा ‘व’, जो मी निरुपयोगी म्हणून बाजूला काढला होता. मी टेबलावर डोकं टेकून बसले. बाबा चष्मा पुसत आले, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, “पंधरा झाल्यावर तीस? ही तर अवस.” मी वर पाहिलं. “कसली अवस?” “अमावास्या गं. पंचांगात अमावास्येला तीस लिहितात. श म्हणजे शुद्ध, व म्हणजे वद्य. तेरावा महिना असेल तर तो अधिक. कुणाचं हे?” आमच्या घरात पंचांग नाही. कॅलेंडरवर आम्ही पौर्णिमा बघतो, बाकी तिथी-वार बाबांनी माझ्या जन्माआधीच घराबाहेर काढले. “तुम्हाला कसं ठाऊक?” मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, “अवसेला गावातले लोक उतरून टाकायचे. भात, नारळ, कायकाय. ते उचलायला माझ्या आईला जावं लागायचं. अवस कधी आहे ते मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं.” आणि ते पाणी प्यायला आत गेले.

खरं सांगायचं तर पहिला विचार चांगला आला नाही. वाटलं, म्हणजे शुभ-अशुभ बघून खोकी हलवत होते की काय हे गृहस्थ? सव्वीस वर्षं? पण मग तिथी-तारखांचा तक्ता काढून मी एकेक ओळ बदलायला घेतली. भाद्रपद सहावा, म्हणून सहा. त्याला मी जून समजले होते. तीस आणि दोन म्हणजे वैशाखातली अमावास्या, मेच्या अखेरीची. पहिल्या वीस ओळी हाताने केल्या, आणि वीसच्या वीस जागच्या जागी जाऊन बसल्या, माल आल्यानंतरच्या तारखांना. मग सगळ्या केल्या. एक हजार नऊशे चारांपैकी एक हजार आठशे सत्त्याण्णव. सात राहिल्या. आणि त्या तारखा बघताना आणखी एक गोष्ट दिसायला लागली. सगळी हलवाहलव पाच, सहा आणि सात नंबरच्या गाळ्यांतली. बहुतेक सगळी अमावास्येच्या नाहीतर पौर्णिमेच्या मागच्या-पुढच्या तीन-चार दिवसांतली. खाडीच्या बाजूचे उतरते गाळे, आणि उधाणाचे दिवस. मी जुना प्रोग्रॅम उघडला. त्यात एक ओळ होती जिच्यापुढे मी दीड महिन्यापूर्वी ‘कसलीतरी सूट, गरज नाही’ असं लिहून ठेवलं होतं: तिथीचा आकडा गुणिले शून्य पूर्णांक पंच्याहत्तर, अधिक एक पूर्णांक पंचवीस. मी त्यात आठ घातले. आठ पाऊण सहा, अधिक सव्वा. सव्वासात. इंटरनेटवर भरतीची वेळ बघितली. अष्टमीला खाडीच्या तोंडाशी भरती सहाच्या सुमाराला, आणि तिथून कशेळीपर्यंत आत यायला पाण्याला वेळ लागणारच.

त्यानंतर मी जे केलं ते कामाचं नव्हतं. मी नुसती वाचत बसले, एखादं पत्र वाचावं तसं. हा माणूस रोज सकाळी यंत्राला विचारत होता की आज पाणी किती वाजता चढेल, खालच्या गाळ्यांत काय काय पडलंय, आणि त्यातलं आधी काय उचलायचं. यंत्र उत्तर देत होतं, कारण त्याने यंत्राला शिकवलं होतं. आमच्याकडे आता याला मोठी नावं आहेत, त्यासाठी लोक परदेशातून येऊन भाषणं देतात. त्याने दोन-दोन आकड्यांचे दोन रकाने घेतले, एक अक्षर घेतलं, आणि आख्खी खाडी त्यात बसवली. कुठे एक शब्दाची टीप नाही, कुठे स्वतःचं कौतुक नाही. आणि मग मला तो रकाना आठवला. ‘भिजलेला माल’ नावाचा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यात शून्य होतं, म्हणून माझ्या प्रोग्रॅमने सुचवलं होतं की हा रकाना वापरात नाही, काढून टाका, आणि मी ‘हो’ म्हटलं होतं. सव्वीस वर्षांत एकही खोकं भिजलं नव्हतं. तो रकाना रिकामा नव्हता, तो भरलेला होता, शून्याने, रोज, उधाण आलं की हमालांना हाका मारून भरलेला. मला रडू आलं. मी एरवी रडणारी बाई नाही, पण इतकं सुंदर काम मी माझ्या क्षेत्रात कुणाचं पाहिलेलं नाही, आणि त्याला मी अवैध म्हटलं होतं.

मंगळवारी गोदामात गेल्या गेल्या मी कमळाबाईला गाठलं. “गेल्या आठवड्यात अमावास्या झाली,” मी म्हटलं, “सातव्या गाळ्यात पाणी नाही आलं?” ती आधी इकडेतिकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आलं ना. मोरीतून येतं ते, चांगलं घोट्याएवढं.” “मग माल?” “हलवला.” “कुणी सांगितलं?” तिने पदराला हात पुसले. “फोन येतो त्यांचा सकाळी. इतक्या वाजता येईल, अमकी खोकी उचला म्हणून सांगतात. मी हमालांना सांगते. शेटला सांगू नका म्हणाले, उगीच वाईट वाटेल त्यांना.” कुणाला वाईट वाटेल, हे मला क्षणभर कळेना. शेटला! ज्याने घरी बसवलं त्याला. कमळाबाई म्हणाली, “चहा ठेवू का, मॅडम?”

बुधवारी मी खारबावला गेले. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं घर, पत्र्याची पडवी, भिंतीला टांगलेलं जुनं जाळं. ते पडवीत बसून कोळंबी निवडत होते. मला बघून उठले, हात धुतले आणि स्वतःच्या हाताने खुर्ची पुसली. आत त्यांची बायको, राहीबाई, चुलीशी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. मी कागद पुढे केला. बोलायची सगळी तयारी करून आले होते ती कुठल्या कुठे गेली, आणि मी एवढंच म्हणाले, “काका, पाऊणपट. मला परवा कळलं.” ते कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला मान खाली घालावीशी वाटली. “तुमाला कलली?” ते म्हणाले. “आपली आपन? अवो, आजवर कुनाला न्हाय कलली ती!” आणि मग ते बोलायला लागले, भराभर, एका कारागिराने दुसऱ्याशी बोलावं तसे. त्यांचा बाप खाडीत जाळं लावायचा, बोटांच्या पेरांवर तिथी मोजून पाऊणपट करायचा. गोदामात लागले त्या पहिल्याच पावसाळ्यात, हा प्रोग्रॅम लिहायच्या आधी, सातव्या गाळ्यात शाळेच्या वह्या भिजल्या, टेंपो भरून, कोऱ्या. “त्या सुकवायला घातल्या, बाय, पर वही सुकली तरी तिच्यावर कोन लिवतंय? तवा ठरवलं, आता न्हाय.” मी विचारलं, तारीख का नाही लिहिलीत सरळ? त्यांना प्रश्नच समजला नाही. “तारखेला पानी येत न्हाय,” ते म्हणाले. “पानी तिथीला येतं. फुडल्या वर्साला मना बगायचं असतं, भादव्यातल्या अवसेला काय झालं. तारीख घेऊन मी काय करू?” मी न बसलेल्या सात ओळी दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून त्या हळूहळू वाचल्या, आणि म्हणाले, “ह्ये माजंच चुकलंय. ताप होता मना, येक दिस मागं लिवलं. चूक हाय तशी चूक लिवा.” त्या क्षणी मला त्यांच्या पायाशी बसून काम शिकावंसं वाटलं, आणि हे मी दोरा बांधणाऱ्या माणसाविषयी म्हणते आहे.

निघताना ते मला पोचवायला रस्त्यापर्यंत आले. घरापासून लांब आल्यावर थांबले. “येक सांगू?” ते म्हणाले. “शेट बोलला, ते पोर हाय. गावात लोकं कायबाय बोलतात, बोलू दे. पर रवारी राहीनं इचारलं. म्हनाली, तुमी खरंच काय केलंव काय? अडतीस वर्सं झाली लग्नाला.” ते रस्त्याकडे बघत होते. “राग न्हाय आला मना. पर जेवन न्हाय गेलं.” एक टेंपो धूळ उडवत गेला. मग त्यांनी विचारलं, “त्या यादीत माजं नाव कितींदा हाय?” मी म्हटलं, एक हजार नऊशे चार वेळा. “मग दुसरी काडा,” ते म्हणाले. “तितक्यांदाच. आनि जेवड्यांना पयली दिली तेवड्यांना द्या. नोकरी देतील न देतील, ती गोष्ट येगली. मना माजं नाव साफ पायजे, बस.” मी हो म्हटलं. स्टेशनकडे चालताना मला कळत होतं की हे हो म्हणणं सोपं आहे आणि लिहिणं सोपं नाही. हितेश, माझा साहेब, फोनवर आधी हसला आणि मग गंभीर झाला. “अरे, करेक्शन पाठव ना, कोण नको म्हणतंय. पण ‘अपडेटेड’ यादी म्हण. आपली चूक झाली असं लिहिलंस तर पुढचं काम गेलं समज. आपलं म्हणजे तुझं.” त्याचंही खोटं नव्हतं. गुरुवारचा आख्खा दिवस मी एक परिच्छेद लिहीत होते. ‘तपासणीत असे आढळले’ असं लिहिलं आणि खोडलं. त्या वाक्यात कुणीच माणूस नव्हता. ‘प्रणालीच्या मर्यादेमुळे’ असं लिहिलं आणि तेही खोडलं. प्रणालीने काहीही केलं नव्हतं. शेवटी लिहिलं की केसरीनाथ तरे यांच्या नोंदी खऱ्या आहेत, त्या तिथीने केलेल्या आहेत, मला तिथी वाचता आली नाही आणि मी त्यांना अवैध ठरवलं, ही चूक माझी. सात नोंदी एका दिवसाने मागे आहेत हे त्यांनीच दाखवलं. आणि त्यांच्या हाताखाली सव्वीस वर्षांत या गोदामातला एकही नग भिजलेला नाही. खाली माझं पूर्ण नाव घातलं. अकरा पत्ते एकेक करून तपासले आणि पाठवलं. त्या दिवशी डबा तसाच घरी आला.

शुक्रवारी सकाळी सार्थक माझ्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला. कान लाल झाले होते. “मी फोन केला काकांना,” तो म्हणाला. “माफी मागितली. म्हटलं आत्ता गाडी पाठवतो. तर म्हणाले, आता भांगाची भरती आहे, लहान, पाणी चढत नाही, मी येऊन काय करू? सोमवारी बारस, म्हणजे द्वादशी आहे, पाणी वाढायला लागतं, सोमवारपासून येतो.” तो खिडकीबाहेर खालच्या गाळ्यांकडे बघत होता. “मॅडम, ही बारस-बिरस नव्या सिस्टीममध्ये ठेवता येईल का?” मी म्हटलं, येईल. हितेशने मला पुढच्या कामातून काढल्याचा निरोप त्याच दुपारी आला, अगदी गोड शब्दांत, आणि मला वाटलं होतं तेवढं काही त्याने झालं नाही. मी नव्या यादीची छापील प्रत काढली, त्रेपन्न पानं, प्रत्येक ओळीत तिथी, तिच्यापुढे तारीख, तिच्यापुढे ‘योग्य’, फक्त सात ठिकाणी ‘चूक’, आणि शेवटी त्यांचं नाव. ती पिशवीत घालून संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा खारबाव गाठलं.

या वेळी मी आत जाऊन राहीबाईंसमोर बसले. त्यांना वाचता येत नाही हे काकांनी सांगितलं होतं, आणि काका स्वतः दाराशी उभे होते, जणू घर दुसऱ्याचं आहे. मी आधी पत्र वाचलं, अडखळत, कारण स्वतःची चूक मोठ्याने वाचताना आवाज आपला राहत नाही. राहीबाई हातावर हात ठेवून ऐकत होत्या. मग मी पहिल्या पानावरच्या ओळी वाचायला लागले. माल अमुक, गाळा सातवा, भाद्रपद वद्य तीस, योग्य, के. तरे. माल अमुक, गाळा सहावा, आश्विन शुद्ध एक, योग्य, के. तरे. पाच-सहा ओळींनंतर त्यांनी हात पुढे करून पानांच्या गठ्ठ्यावर ठेवला. “येवडी सगली त्यांचीच?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सगळी. त्या पानांवरून हात फिरवत बसल्या. मग नवऱ्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“मंग मी इचारलं, त्याचं काय?”

काका दारातून आत आले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

“इचारलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुनी मना इचारलंच न्हाय.”

माझ्या हातात पान होतं. अकरा जणांना यादी पाठवायच्या आधी हा माणूस दीड महिना माझ्यासमोर, एका टेबलाच्या अंतरावर बसलेला होता. हाक मारायची खोटी होती.

“काका,” मी म्हणाले, “मीही नाही विचारलं.”

“ठाव हाय मना,” ते म्हणाले. “वाच आता फुडचं.”